गिरणीमागचा दवाखाना

विजयश्री सिस्टर रस्त्याने यायला लागली की दिसायच्या आधी ऐकू येते. चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातली ही बाई. वडील सोपानराव या बांधावरून त्या बांधावर हाका मारायचे, तो आवाज लेकीने जसाच्या तसा उचलला. आता ते बांध राहिले नाहीत. जिथे ऊस उभा असायचा तिथे सोसायट्या उभ्या आहेत. भावांनी प्लॉटिंगचा धंदा काढला, दारात पांढऱ्या गाड्या आल्या आणि घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की विजयश्रीला आता नोकरीची काही गरज नाही. "लोकांना सुया टोचत कशाला हिंडतेस? घरी बस की आरामात," असं थोरला भाऊ दादासाहेब तिला दर दिवाळीला ऐकवतो. तिचंही उत्तर ठरलेलं असतं. "आरामात बसायला मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे?"

बसणं हे तिच्या स्वभावातच नाही. आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. चार माणसांत बोलताना तिच्या तोंडाला फडकं नसतं, मनात आलं की ओठांवर आलंच. पण त्याच तोंडाने ती तापाने फणफणलेल्या परक्या पोराला "माझं पाखरू" म्हणून औषध पाजते, तेव्हा तिला नावं ठेवणारेही नरमतात. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण करिष्माची हकिकत सांगितली की विजयश्री सिस्टर काय चीज आहे ते पुरतं कळतं. त्यात तिची चूकही आली आणि तिचं मोठेपणही आलं.

चऱ्होलीच्या पुढे, चाकणच्या अंगाला भैरोबामळा नावाची वस्ती आहे. मळा नावापुरता. आता तिथे पत्र्याच्या खोल्यांच्या लांबलचक चाळी आहेत. खोल्यांचे मालक गावचे, आणि राहणारे बीड, परभणी, लातूरकडचे. सकाळी निम्मी वस्ती कंपनीच्या बसमध्ये चढते तेव्हा उरलेली रात्रपाळी करून झोपायला परतते. वस्तीच्या तोंडाशीच सरकारी दवाखाना आहे आणि सिस्टर तिथे इतकी वर्षं आहे की नवे डॉक्टर कपाटाची किल्लीही तिलाच मागतात.

त्या दवाखान्याचं एक दुखणं होतं. खोकल्याचे, जुलाबाचे, गुडघेदुखीचे लोक यायचे, पण गरोदर बायका यायच्या नाहीत. यायच्या त्या एकदम शेवटी, कळा सुरू झाल्यावर, रिक्षात आडव्या घालून आणलेल्या. रक्त कमी, पायांना सूज, तपासणी एकही नाही. अशी बाई दारात उतरली की सिस्टरचा जीव कासावीस व्हायचा आणि तो कासावीसपणा शिव्यांच्या रूपाने बाहेर पडायचा. आधी नवऱ्याला, मग सासूला, मग सरकारला.

दवाखाना चालायचा सकाळी. तेव्हा या बायका कामावर तरी असायच्या नाहीतर झोपेत. सिस्टरने विचार केला आणि तिला वाटलं, घोडं कुठे पेंड खातंय ते आपल्याला सापडलं. या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, मग कारखाने तरी कशाला उघडायचे? म्हणजे पोरं शाळेत, साहेब ऑफिसात आणि कामगार घरी. तर मग गुरुवारी दुपारी खास गरोदर बायकांसाठी दवाखाना उघडा ठेवायचा!

डॉक्टर ओंकार हा सांगवीचा तरुण मुलगा तेव्हा नुकताच रुजू झाला होता. सिस्टरने त्याच्यामागे असा धोशा लावला की त्याने वर जाऊन मंजुरी आणली. दादासाहेबाला गाठून तिने एक बाक बनवून घेतलं. टेकायला पाठ असलेलं, गुलाबी रंगाचं झकास बाक. ते फाटकाजवळ कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं आणि वर पाटी लावली: 'गरोदर मातांसाठी राखीव'. आपल्या हाताने तिने ते पुसलं. आता गर्दी आवरता आवरणार नाही असं तिला मनापासून वाटत होतं.

गुरुवार आला. इस्त्रीचे शर्ट घालून पुरुष आले, कंबर धरून म्हातारे आले. बाकावर कोणीच बसलं नाही. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्याही गुरुवारी तेच. एक कुत्रं तेवढं रोज सावलीला येऊन बाकाखाली झोपायला लागलं.

"दारात गंगा आणून दिली तरी यांना आंघोळ नको," सिस्टर फणफणली.

ओंकार पुण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आला होता आणि त्याच्या डोक्यात ते ताजं होतं. तो म्हणाला, "सिस्टर, तिकडे सांगितलं की कुठलीही सेवा आखताना माणूस केंद्रस्थानी ठेवायचा."

"मग आतापर्यंत काय ठेवलं होतं साहेब? कपाट?"

ओंकार हसला, पण त्याने आपलं म्हणणं सोडलं नाही. "आधी जाऊन बघायचं म्हणे. सांगायचं नाही, लगेच विचारायचंही नाही. त्यांचा दिवस कसा जातो ते नुसतं बघत बसायचं. मग आपल्याला काय वाटतं आणि खरं काय आहे, ते कळतं."

"मी काय बघायचं? माझा जन्म इथे गेलाय. इथला दगड न् दगड मला ओळखतो."

आणि इथेच तिचं चुकलं. दगड ओळखत होते हे खरं, पण माणसं नवी होती. बघायला म्हणून ती गेली नाहीच, गेली ती बायकांना चार शब्द सुनवायला.

गुरुवारी लाइट नाही म्हणजे बोअरचा पंप बंद, म्हणजे वस्तीत टँकर. टँकरपाशी हंडे-कळशांची रांग लागली होती. सिस्टर रांगेच्या कडेने चालत गेली आणि तिची नजर एका पोरीवर ठरली. करिष्मा तिचं नाव. गाड्यांच्या वायरी जोडायच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होती. अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट, त्यावर ओढणी. पण भरलेला हंडा कमरेवर घेताना तिने पाय जसे फाकून टेकवले ते बघून सिस्टरने ओळखलं. इतक्या वर्षांची नजर होती ती.

"काय गं," सिस्टर म्हणाली, आणि तिचं म्हणणं म्हणजे टँकरवाल्यालाही ऐकू गेलं, "कितवा महिना?"

यात तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे सांगायलाच हवं. तिच्या गावात हा प्रश्न म्हणजे कौतुक असतं. चऱ्होलीत कोणाची सून पोटुशी राहिली की दोन आळ्या पलीकडची म्हातारीसुद्धा मोठ्याने विचारते, कोणी चिंचा आणून देतं, कोणी लोणच्याची फोड. पोटातलं पोर आईचं असतं आणि अख्ख्या गावाचंही असतं. आनंदाची गोष्ट कोणी लपवील हे सिस्टरच्या ध्यानीमनीही नव्हतं.

करिष्माचा चेहरा पांढराफटक पडला. "काही नाही ओ," ती म्हणाली. "गॅस झालाय मला." आणि हंडा उचलून ती चालायला लागली. रांगेतल्या बायका अचानक आपापल्या कळशांकडे बघायला लागल्या. लाजली असेल, असं म्हणत सिस्टर पुढे गेली.

त्यानंतर करिष्मा दिसेना. टँकरच्या रांगेत नाही, दुकानात नाही. सिस्टर दोनदा खोलीवर जाऊन आली, दोन्ही वेळा दार आतून बंद. मग एके दिवशी दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर एक उंच, हडकुळा माणूस आत आला. तो करिष्माचा नवरा नवनाथ. फोर्जिंगच्या कारखान्यात कामाला, परभणीकडचा. त्याने हात जोडले, पण त्याचा चेहरा हात जोडणाऱ्या माणसाचा नव्हता.

"सिस्टर, तुमच्या पाया पडतो. आमच्या दारात येऊ नका."

"अरे, मी काय केलं?"

"मागच्या टायमाला पोटात हाय म्हून ठेकेदाराला कळलं, तं दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं तिला. उद्यापासून येऊ नको म्हणला. मंग ती बिल्डिंगच्या कामावर गेली, विटा वाहिल्या. सातव्यात गेलं लेकरू. ह्या बारीला आठवा लागोस्तोर कुणालाच सांगायचं नाही असं ठरलं व्हतं आमचं. तुम्ही साऱ्या रांगेसमोर विचारलं. त्या रांगेत ठेकेदाराच्या माणसाची बायको व्हती."

सिस्टरने हातातली नोंदवही मिटून बाजूला ठेवली. नवनाथ बोलतच होता.

"आता शपथा घेती, गॅसच हाय म्हणती. आन् पोटाला कापड बांधती, आवळून. दिसू नाही म्हून. मी नको म्हणलं तं रडती." जाताना त्याने फाटकाकडे बोट केलं. "आन् तुमचं ते गुलाबी बाकडं. समोरच्या टपरीवर सुपरवायझर चहा पीत बसतो. त्या बाकड्यावर बसायचं म्हंजी कपाळावर पाटी लावून हिंडायचं, बगा."

तो गेला. सिस्टर तशीच उभी राहिली. दवाखान्यात बाई येत नाही ती अडाणीपणाने नाही, आळसाने नाही, तर काम जाईल या भीतीने येत नाही, आणि आपण प्रेमाने रंगवलेल्या बाकाने ती भीती वाढवलीच, हे तिच्या काळजात रुतलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या बायकांना आपल्याबद्दल वाटत असणार. आणि तिकडे एक पोरगी पोटातलं लेकरू वाचवायला त्याच लेकरावर कापड आवळत होती. कधी काय होईल याचा भरवसा नव्हता.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मला काय माहीत होतं? सिस्टर ओंकारच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या तोंडाने घात केला." सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, स्वतःला शिव्याही दिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "ते तुमचं बघत बसायचं काय असतं, ते मला नीट सांगा. आता मी बघते. गप्प बसून बघते."

तिच्या मोठेपणाची सुरुवात इथून होते. ज्या पोराला तिने कपाटावरून चिडवलं होतं, त्याच्यासमोर बसून ती शिकली. बाई कुठे थांबते, कुठे बसते, कोणासमोर बोलते, कोण दिसलं की गप्प होते, हे बघायचं. आपण मध्ये पडायचं नाही. ओंकारलाही पुस्तकाबाहेरचं फार ठाऊक नव्हतं. दोघं मिळून चाचपडत होते.

बायकांना थांबायला मोकळी जागा शोधत ती वस्तीभर हिंडली. बसथांब्यावर सुपरवायझर. किराणा दुकानात पुरुषांचा घोळका. देवळात जायला बायकांना वेळ कुठला? आणि मग बुधवारी संध्याकाळी ती तानुबाईच्या गिरणीत पोचली.

तानुबाई गावकीतली, सिस्टरला लहानपणापासून ओळखणारी. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी तीच चालवते. गुरुवारी लाइट नाही, म्हणून बुधवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या वस्तीची ज्वारी, गहू, बाजरी त्याच वेळी येते. सिस्टरनेही ज्वारीचा डबा नेला आणि कोपऱ्यात पोत्यावर बसली.

"आज आवाज बसलाय व्हय तुझा?" तानुबाईने विचारलं.

"व्हय," सिस्टर म्हणाली आणि पुन्हा गप्प.

विजयश्री गप्प बसलीय म्हटल्यावर तानुबाई कामं टाकून तिच्याकडे बघत राहिली. पण सिस्टरला जे दिसायचं ते दिसलं. गिरणीत बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही, तू इथे का बसलीस म्हणून. तिचा डबा रांगेत असतो, तेच तिचं कारण. घाईची बाईसुद्धा इथे बसते, कारण बसल्याशिवाय पीठ मिळत नाही. पुरुष येतात ते डबा ठेवून बाहेर जातात, कारण पिठाने कपडे पांढरे होतात. सुपरवायझर तर या बोळात पाऊलही टाकत नाही. आणि मागे एक खोली होती, रिकामी पोती आणि जुनी जाती ठेवायची.

सिस्टरने तानुबाईला बाजूला घेतलं. करिष्माचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाली की बायकांचं बीपी आणि रक्त तपासायला ती खोली हवी.

"घे की. कशापायी इचारतीस? पण उंदरं हायत, सांगून ठिवते."

उंदरांपेक्षा मोठी अडचण निघाली ती आवाजाची. पहिल्याच बुधवारी सिस्टरने नळी कानाला लावली आणि तिला ऐकू आली ती फक्त गिरणी. भिंती थरथरत होत्या. बाईची नाडी कुठली आणि जात्याची घरघर कुठली, कळेना. ओंकारने सेलवर चालणारं यंत्र आणून दिलं, ते हादऱ्यांनी दर वेळी वेगळाच आकडा दाखवायला लागलं. सिस्टर टेकीला आली. शेवटी तानुबाईनेच तोडगा काढला. आत बाई गेली आणि सिस्टरने भिंतीवर थाप मारली की तानुबाई बटण बंद करायची आणि ओरडायची, "पट्टा घसरला गं बायांनो! बसा जरा!"

त्या संध्याकाळी पट्टा इतक्यांदा घसरला की बायकांनी तानुबाईला नवीन पट्टा घ्यायचा सल्ला दिला. तिने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, पण खरं कारण सांगितलं नाही. पुढे हळूहळू साऱ्यांनाच कळलं. तरी नवी कोणी बाई "पट्टा का घसरतो?" असं विचारायला लागली की बाकीच्या म्हणायच्या, "जुनी गिरणी हाय, बाई."

एक नियम मात्र सिस्टरने पहिल्या दिवसापासून पाळला. तपासायची ती प्रत्येक बाई. तरुण, म्हातारी, पोटुशी, बिनपोटुशी, सगळ्या एकाच रांगेत, डब्यांच्या क्रमाने. रक्तवाढीच्या गोळ्या सगळ्यांना, त्याच कागदात बांधून. त्यामुळे मागच्या खोलीत कोण गेलं यावरून कोणाला काही ताडता येईना. तानुबाईचंही बीपी घेतलं, ते सगळ्यांत जास्त निघालं. आणि आत आलेल्या बाईला सिस्टर एकही प्रश्न विचारायची नाही. ती बोलली तर बोलायची. सुरुवातीला बायका बोलल्या नाहीत. मग एक म्हणाली, तिसरा आहे. एकीने विचारलं, दिवस गेल्यावर उभं राहून काम केलं तर चालतं का? एकजण नुसतीच रडली. सिस्टरने तिचं रडं होऊ दिलं.

पण करिष्मा येत नव्हती. तिच्या घरची ज्वारी नवनाथ घेऊन यायचा, डबा ठेवून बाहेर थांबायचा. सिस्टर त्याच्याकडे बघायची, पण तोंड उघडायची नाही. तिला रोज वाटायचं, आजच जाऊन दार ठोठावावं. रोज ती स्वतःला आवरायची. आवाज दाबून ठेवणं तिला किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

एका बुधवारी नवनाथ आला नाही. ज्वारीचा डबा घेऊन करिष्मा स्वतः आली. रांगेत डबा ठेवला, ओढणी सारखी केली आणि भिंतीला टेकून बसली. तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि कोणाकडे न बघता मागच्या खोलीत गेली.

सिस्टरने तिला पोत्यावर बसवलं. थाप मारली. बाहेर पट्टा घसरला. सिस्टरने तिच्या दंडाला पट्टी बांधली, बीपी घेतलं, आणि पुन्हा एकदा घेतलं, कारण पहिला आकडा तिला खरा वाटेना. करिष्माच्या पायांकडे नजर गेली. चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतला होता. सिस्टरने ओठ दातांखाली दाबून धरले आणि वाट बघितली.

जमिनीकडे बघतच करिष्मा म्हणाली, "सातवा लागलाय." आणि थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "हे सोडू का?"

तिने शर्ट वर केला. जुन्या साडीचं कापड होतं, वेढ्यांवर वेढे. तिच्या बोटांनी गाठ सुटेना. सिस्टरने ती सोडली. वेढे काढताना सिस्टरचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत. कापड गळून पडलं तेव्हा करिष्माने असा श्वास घेतला, जसा कित्येक दिवसांत घेतला नसावा.

बाहेर बायका कुरकुरायला लागल्या. "तानुबाई, किती वेळ?"

"तुमच्या बाचा हाय का पट्टा? बसा गप!"

सिस्टर करिष्मासमोर खाली मांडी घालून बसली. "आधी एक ऐक. त्या दिवशी रांगेत मी चुकले. मोठी चूक झाली माझी." सिस्टर पुढे म्हणाली, "आता खरं सांगते, घाबरवायला नाही. तुझं बीपी फार वाढलंय. असं वाढलं की आईलाही धोका आणि बाळालाही. दिवसभर उभं राहून काम केलंस तर मी कसलीही खात्री देऊ शकत नाही. आज मोठ्या दवाखान्यात जायला हवं. हवं तर ठेकेदाराशी मी बोलते."

"नको." करिष्मा पहिल्यांदाच वर बघून बोलली. "तुम्ही नका बोलू. मला काय करायचं ते सांगा फक्त. बाकी मी बघती."

आणि सिस्टरने ते ऐकलं. ज्या बाईने साऱ्या वस्तीला आयुष्यभर काय करायचं ते सांगितलं, ती त्या पोरीसमोर गप्प बसली आणि तिला ठरवू दिलं. पुढे भाड्याची खोली होती, गावाकडे सासू होती, हप्त्यावर घेतलेला फ्रीज होता. हे सगळं करिष्माच्या चेहऱ्यावरून जाताना सिस्टरला दिसत होतं.

"काम दुसरं मिळंल," करिष्मा शेवटी म्हणाली. तिने दोन्ही हात मोकळ्या पोटावर ठेवले. "हे नाही मिळायचं. चला."

मग तिला आठवलं, नवनाथ पाळीवरून उपाशी येईल, भाकरी टाकून निघावं. सिस्टर काही बोलायच्या आत दारातून तानुबाई म्हणाली, "भाकरीचं मी बघते. तू हो फुडं."

त्या संध्याकाळी सिस्टर तिला पिंपरीच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली आणि ओंकारने आधीच फोन करून ठेवला होता. करिष्माला ठेवून घेतलं. औषधं सुरू झाली, बीपी उतरलं, घरी आली, पुन्हा चढलं, पुन्हा भरती झाली. नोकरी गेली. कायदा करिष्माच्या बाजूने होता, आणि तिनेच सांगितल्यावर सिस्टर ओंकारला घेऊन ठेकेदाराच्या कचेरीत जाऊन आली, पण आज या, उद्या या म्हणून त्यांना झुलवलं गेलं. अजून हाती काही लागलेलं नाही. ते सिस्टरला सलतं. माणसाने सगळं जिंकलंच पाहिजे असं थोडंच आहे, असं ओंकार तिला समजावतो. ती म्हणते, "तुम्ही समजून घ्या साहेब, मी भांडते."

मधल्या काळात गिरणीची बातमी वर पोचली. मोठे साहेब बघायला आले, भले माणूस होते, खूश झाले. गिरणीच्या दारावर एक मोठी पाटी लावू या म्हणाले, 'येथे गरोदर मातांची मोफत तपासणी', आणि एखाद्या दिवशी फीत कापू. सिस्टरने कपाळावर हात मारला.

"साहेब, पाटी खुशाल लावा. पण 'पिठाची गिरणी' एवढंच लिहा."

साहेब गोंधळले. मग सिस्टरने त्यांना डबा हातात देऊन तासभर पोत्यावर बसवलं. उठले तेव्हा त्यांचा कोट पांढरा झाला होता आणि पाटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आता शेजारच्या दोन वस्त्यांत तिथल्या सिस्टर आपापल्या जागा शोधतायत. एकीला शिवणकामाचा वर्ग सापडलाय. विजयश्री त्यांना गिरणीच काढा असं सांगत नाही. जाऊन बघा म्हणते. फाटकाजवळच्या बाकावरची पाटी तिने स्वतःच्या हाताने उतरवली. तिथे आता गुडघेदुखीचे म्हातारे बसतात आणि गुलाबी रंगाबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

करिष्माचा आठवा महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, दवाखान्यात रांग, सिस्टर एका पोराला लस देत होती. तिचा फोन वाजला. नवनाथ होता. मागे रुग्णालयाचा गलका ऐकू येत होता.

"सिस्टर, मुलगी झाली! बारीक हाय, काचेच्या पेटीत ठिवलीय. पण रडली, सिस्टर! जोरात रडली!"

"ते राहू दे," सिस्टर म्हणाली. "करिष्मा कशी आहे ते सांग आधी. बीपी किती आहे? शुद्धीवर आहे का?"

पलीकडे काही क्षण नुसतीच खरखर झाली. फोन या हातातून त्या हातात गेला. सिस्टरने दुसऱ्या कानावर हात दाबला, रांगेतल्या माणसांना हातानेच गप्प केलं आणि डोळे मिटून घेतले.

"मी हाय, सिस्टर," करिष्माचा आवाज आला, दमलेला, पण तिचाच. "दोघी बी हाय आमी."